नवा लॅपटॉप, पहिला पेनड्राइव्ह

मोताळ्यात कुणाचा लॅपटॉप सुरू होईनासा झाला की सल्ला ठरलेला असतो: ‘विंडोज मारून घ्या.’ मग लॅपटॉप पिशवीत घालून मलकापूरची नाही तर राजूर घाट चढून बुलढाण्याची वाट धरायची. तिथे एखाद्या दुकानात कुणी तरी पेनड्राइव्ह लावतो, तासाभरात पडदा उजळतो, काहीशे रुपये देऊन माणूस खुशीत परत येतो. लॅपटॉपसोबत पैसे मोजून घेतलेलं अस्सल विंडोज पुसलं गेलं आणि त्या जागी चोरीचं बसलं, हे त्याच्या गावीही नसतं. कुठल्याशा खात्याला जोडलेलं ऑफिस गेलं, लग्नाचे फोटो गेले, सातबाऱ्याच्या पीडीएफ गेल्या, हे मात्र दोन दिवसांनी कळतं.

ही फेरी बहुतेक वेळा टाळता येते. लॅपटॉप घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एका ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मूळ विंडोज उतरवून ठेवायचं, एवढंच करायचं आहे. त्याची सोय विंडोजमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याला इंटरनेट लागत नाही. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज मारणाऱ्या घरात विंडोजची पाच जीबीहून मोठी फाइल उतरवणं हा भलताच उद्योग होतो. शहरी सल्लागार ‘डाउनलोड करून घ्या’ एवढं म्हणून मोकळे होतात. धामणगाव बढे किंवा रोहिणखेडला बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती फाइल उतरवायला बसलेल्याला विचारा.

आधी बिल बघा

पेनड्राइव्ह विकत घेण्याआधी आपल्या लॅपटॉपमध्ये विंडोज खरोखर आलेलं आहे का, हे तपासा. चार-पाच हजारांनी स्वस्त मिळालेला लॅपटॉप पुष्कळदा ‘डॉस’ म्हणून विकलेला असतो. त्यात विंडोजचे पैसे धरलेलेच नसतात आणि दुकानदार ‘मी टाकून देतो’ म्हणून स्वतःकडचं टाकून देतो. बिलावर किंवा खोक्यावर ‘विंडोज ११ होम’ असा स्पष्ट उल्लेख हवा. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं. नाव ऐकून बिचकू नका. मेनूची भाषा एकच राहते इतकाच त्याचा अर्थ, मराठी कीबोर्ड व्यवस्थित चालतो.

दुसरी तपासणी पडद्यावरची. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे ॲक्टिव्हेशन उघडा. विंडोज ‘डिजिटल लायसन्स’ने ॲक्टिव्हेट झालंय असं लिहिलेलं असेल तर ठीक. ते ‘युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ वापरून झालंय असं दिसलं, आणि लॅपटॉप कुठल्या कंपनीचा किंवा कार्यालयाचा नसून तुमच्या घरचा असेल, तर कुणी तरी क्रॅक मारलेला आहे असं समजा. नव्या लॅपटॉपवर हे वाक्य दिसलं तर तो तसाच दुकानात परत न्या.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाला २५ अक्षरांच्या कीचा स्टिकर असायचा. दोन उन्हाळ्यांत घामाने आणि घासून तो पुसट व्हायचा आणि मग परवाना असूनही नसल्यात जमा. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ही की लॅपटॉप कंपनी थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून ठेवते. त्यामुळे की वहीत उतरवून ठेवायची गरज उरली नाही. हार्ड डिस्क बदलली, विंडोज पुन्हा टाकलं, तरी तीच आवृत्ती टाकली तर ते आपली की स्वतः शोधतं आणि इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेट होतं. अट ‘तीच आवृत्ती’ ही आहे. होमच्या मशीनवर प्रो टाकलं की चिपमधली की उपयोगाची राहत नाही, आणि मग क्रॅकशिवाय मार्ग नाही असं सांगितलं जातं. मार्ग असतो. पुन्हा होम टाकायचं.

लॅपटॉप स्वतः सुरू करा

दुकानदाराने खोकं फोडून, लॅपटॉप चालू करून, सगळं ‘सेट’ करून दिलं की आपल्याला बरं वाटतं. मला यात मोठी खोट दिसते. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. घाईत दुकानदार स्वतःचं खातं घालतो, नाही तर तिथल्या तिथे एखादा ईमेल बनवतो. त्याचा पासवर्ड ना त्याच्या लक्षात राहतो ना तुमच्या. पुढे दोन गोष्टी त्या खात्याला चिकटतात.

पहिली, लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस. ते एकदाच आणि एकाच खात्यावर नोंदवता येतं, आणि या नोंदणीला साधारण सहा महिन्यांची मुदत असते. ज्या खात्यावर नोंदलं गेलं, त्याच्याच मालकीचं ते ऑफिस.

दुसरी जास्त गंभीर आहे. आताचे विंडोज ११ चे लॅपटॉप डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून ते जवळपास सगळ्या नव्या मशीनवर चालू होऊ लागलं. हे चांगलंच आहे, चोराच्या हाती डेटा लागत नाही. पण बायोस अपडेट झाला, बोर्ड बदललं किंवा दुरुस्तीच्या वेळी काही हललं की पडद्यावर निळं पान येतं आणि ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की मागतं. ती की पहिल्या दिवशी वापरलेल्या खात्यात जाऊन बसलेली असते. ते खातं दुकानदाराचं असेल तर तुमचे फोटो तुमच्याच डिस्कवर असून तुम्हाला दिसणार नाहीत. मायक्रोसॉफ्टकडेही मग दुसरा दरवाजा नाही.

म्हणून लॅपटॉप घरीच, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर सुरू करा. खात्यात शिरून डिव्हाइसेसखाली आपल्या लॅपटॉपसमोर रिकव्हरी की दिसते ती बघा आणि ४८ आकडे कागदावर लिहून काढा. मोबाइलमध्ये फोटो काढून भागत नाही, कारण मोबाइलही हरवतो. हा कागद, बिल आणि लॅपटॉपखालच्या सीरियल नंबरचा फोटो एका पाकिटात ठेवा. बियाण्याची पिशवी फोडल्यावर आपण टॅग आणि पावती हंगाम संपेपर्यंत सांभाळतो, न उगवल्यास तक्रार करायला त्याशिवाय इलाज नसतो. लॅपटॉपच्या वॉरंटीचंही तेच.

पेनड्राइव्ह कसा बनवायचा

चांगल्या कंपनीचा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. शंभर-दोनशे रुपयांत ‘एक टीबी’ म्हणून मिळणारे पेनड्राइव्ह नकली असतात. आकार खोटा दाखवतात आणि भरायला घेतलं की मधूनच फाइली खातात. पेनड्राइव्हमध्ये आधीचं काही असेल तर काढून घ्या, कारण या कामात तो पूर्ण पुसला जातो.

नव्या लॅपटॉपवर आधी विंडोजचे अपडेट होऊ द्या. शक्य असेल तर हे फायबर असलेल्या नातेवाइकाकडे किंवा कॉलेजच्या वायफायवर करा, कारण पहिले अपडेट काही जीबींचे असतात. दोन-तीनदा रीस्टार्ट होऊन मशीन शांत झालं की मग पेनड्राइव्हला हात घाला. चार्जर लावलेला असू द्या. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, नाहीतर अर्ध्यात लॅपटॉप झोपी जाईल.

स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ एवढं इंग्रजीत टाइप करा. ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ वर येईल, ते उघडा आणि परवानगी मागेल तिथे ‘येस’ म्हणा. पुढच्या चौकटीत ‘बॅक अप सिस्टिम फाइल्स टू द रिकव्हरी ड्राइव्ह’ यासमोर टिक असलीच पाहिजे. सगळ्या प्रक्रियेचा जीव या एका टिकमध्ये आहे. ती काढली तर पेनड्राइव्हमध्ये फक्त दुरुस्तीची अवजारं येतात, विंडोज येत नाही. मग ‘नेक्स्ट’, पेनड्राइव्ह निवडा, ‘क्रिएट’. पेनड्राइव्ह मंद असेल तर काही तास लागतात. पट्टी एका जागी थांबलेली दिसली तरी पेनड्राइव्ह उपटू नका. शेवटी काही मशीनवर ‘आता लॅपटॉपमधलं रिकव्हरी पार्टिशन काढू का’ असं विचारलं जातं. नको म्हणा आणि ‘फिनिश’ दाबा. तेवढ्या जागेने कुणाचं भलं होत नाही.

मधेच ‘रिकव्हरी ड्राइव्ह बनवता आला नाही’ असा निरोप आला तर घाबरू नका, तो बऱ्याच जणांना येतो. फुकट चाचणीवर आलेला अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा, दुसऱ्या यूएसबी खाचेत लावा, तरी नाही तर पेनड्राइव्ह बदलून बघा.

या पेनड्राइव्हमध्ये विंडोज येतं आणि त्यासोबत लॅपटॉप कंपनीने बसवलेले ड्रायव्हरही येतात. हा फायदा दुकानातल्या ‘कोऱ्या’ विंडोजमध्ये नसतो. कोरं विंडोज टाकल्यावर वायफाय दिसत नाही, टचपॅड चालत नाही, आणि बऱ्याच नव्या इंटेलच्या लॅपटॉपवर तर इन्स्टॉलर डिस्कच नाही असं म्हणतो. डिस्क तिथेच असते. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. मग कारागीर ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणाला तर ग्राहक काय बोलणार? म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर आपला मॉडेल नंबर घालून वायफायचा आणि स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून एका दुसऱ्या लहान पेनड्राइव्हवर ठेवलात तर सोन्याहून पिवळं.

तुमचे फोटो, वर्डच्या फाइली, टॅलीचा डेटा मात्र या पेनड्राइव्हमध्ये येत नाही. एवढंच नव्हे, त्यावरून विंडोज पूर्ववत केलं की डिस्कवरचं तुमचं सगळं पुसलं जातं. आपल्या फाइलींसाठी वेगळी बाहेरची हार्ड डिस्क हवीच. वनड्राइव्ह फुकटात ५ जीबी देतं. तेवढ्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर अशी कागदपत्रं सहज मावतात, लग्नाचा व्हिडिओ मावत नाही.

चालतो का, ते बघून ठेवा

बनवलेला पण कधी लावून न पाहिलेला पेनड्राइव्ह म्हणजे भरवसा नाही. बनवल्या दिवशीच लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरवर ती बहुधा एफ १२ असते, एचपीवर एफ ९, आसुसवर एस्केप. एसरच्या काही मशीनवर एफ १२ आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की भाषा किंवा कीबोर्ड विचारणारं निळं पान येतं. ‘ट्रबलशूट’मध्ये ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ दिसलं की काम झालं. त्यावर क्लिक करायचं नाही. मागे फिरा, बंद करा, पेनड्राइव्ह काढा. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून लॅपटॉपचं मॉडेल, तारीख आणि ती कळ लिहून ठेवा. घरात दोन लॅपटॉप असतील तर दोन पेनड्राइव्ह. एकाचा दुसऱ्याला लावण्याची काटकसर नको, ड्रायव्हर जुळत नाहीत.

वर्षातून एकदा हाच पेनड्राइव्ह पुसून नव्याने बनवा, कारण विंडोजच्या मोठ्या आवृत्त्या वर्षाला बदलतात. मायक्रोसॉफ्टही हेच सांगतं. आणि तो टिनाखालच्या फळीवर ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथे काहीच नीट राहत नाही.

पेनड्राइव्ह आधी बनवला नाही आणि लॅपटॉप बंद पडला, अशांनाही वाट आहे. एचपी, डेल आणि लेनोव्हो या कंपन्या सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग घालून त्या मॉडेलचं मूळ विंडोज उतरवू देतात. त्यासाठी दुसरा चालू लॅपटॉप लागतो आणि डाउनलोड बऱ्याचदा १० जीबीच्या घरात जातो. मोबाइल डेटावर ते जमणं कठीण. फायबर असलेलं सेवा केंद्र किंवा मलकापूर, शेगाव, बुलढाण्याला शिकणाऱ्या मुलाचं वसतिगृह शोधा.

सेवा केंद्र आणि दुकानवाल्यांसाठी थोडं जास्त

विद्यार्थ्याला वरचं पुरेसं आहे. त्याने डिस्कच्या हुबेहूब प्रतिमेच्या नादी लागू नये, असं माझं मत आहे. महा-ई-सेवा केंद्र चालवणारे, टॅलीवर हिशेब लिहिणारे, डीटीपीवाले यांचं गणित वेगळं. त्यांच्या मशीनवर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस असते, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर असतात, प्रिंटर-स्कॅनर असतात, कृतिदेव आणि श्रीलिपीचे फाँट असतात. कोरं विंडोज तासात येतं, पण हे सगळं पुन्हा बसवण्यात दिवस जातो आणि दाराशी दाखल्यांसाठी लोक उभे असतात. अशांनी सगळं बसवून झालं, नीट चाललं, की त्या स्थितीची पूर्ण सिस्टिम इमेज घ्यावी.

कंट्रोल पॅनेलमधलं ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ अजून विंडोज ११ मध्ये आहे आणि त्यातलं ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ हे काम करतं. पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच त्याच्यावरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं, आणि ते कधी कधी कारण न सांगता अडतं. मी त्यापेक्षा व्हीम कंपनीचा फुकट मिळणारा एजंट किंवा रेस्क्युझिला ही सॉफ्टवेअर सुचवीन. रेस्क्युझिला पेनड्राइव्हवरून चालतं आणि बटणं दाबून काम होतं. त्याच जातीचं क्लोनझिला जास्त जुनं आणि पक्कं आहे, पण नवख्याला त्याच्या काळ्या पडद्याची भीती वाटते. या दोन्हींआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून कुलूप पूर्ण उघडू द्या. नाहीतर त्यांना आतलं काही वाचता येत नाही आणि रिकाम्या जागेसकट पूर्ण डिस्क उचलली जाते. व्हीम विंडोजच्या आतून चालतं, तिथे ही अडचण नाही. इमेज ठेवायची बाहेरची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असावी, कारण एफएटी ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. आणि ही डिस्क कायम मशीनला लावून ठेवू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर लावलेली डिस्कही त्यातच जाते.

बंद पडला तर, क्रमाने

अपडेट चालू असताना वीज गेली आणि थकलेली बॅटरीही संपली, हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. लॅपटॉप दोन-तीनदा अर्ध्यात बंद पडला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान उघडतं. तिथे पहिलं ‘स्टार्टअप रिपेअर’ करा. नाही जमलं तर शेवटचा अपडेट काढून बघा. तरी नाही तर ‘रीसेट धिस पीसी’ घेऊन ‘कीप माय फाइल्स’ निवडा. यात टाकलेली सॉफ्टवेअर जातात, फाइली राहतात. तिथे ‘क्लाउड डाउनलोड’ की ‘लोकल रीइन्स्टॉल’ असं विचारतील. क्लाउडला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, म्हणून आधी लोकल. हे सगळं हरलं किंवा डिस्कच बदलावी लागली, तरच पेनड्राइव्ह काढा. बिटलॉकरची की मागितली तर पाकिटातला कागद आहेच.

बोर्ड किंवा डिस्प्ले असं काही मोडलं तर मात्र घरचे उपाय नकोत. वॉरंटीत असेल तर कंपनीचं अधिकृत केंद्र गाठा, मग त्यासाठी अकोला किंवा जळगावपर्यंत जावं लागलं तरी चालेल. बोर्ड बदललं गेलं तर विंडोजची की नव्या बोर्डवर लिहिली आहे ना, हे विचारा आणि जॉबशीटवर नोंद करून घ्या.

आणि एखाद्या स्थानिक दुकानातच द्यायचा ठरला, तर देताना दोन वाक्यं बोला: “होमच टाका, प्रो नको. माझा पेनड्राइव्ह आहे, याच्यावरूनच टाका.” परत घेताना पैसे देण्याआधी तिथेच, दुकानाच्या इंटरनेटवर, ॲक्टिव्हेशनचं पान उघडायला सांगा. डिजिटल लायसन्स दिसलं तरच पैसे द्या. ‘ऑर्गनायझेशन’ हा शब्द दिसला तर लॅपटॉप ताब्यात घेऊ नका.